बालवाडी उचलली, अध्यापन मंदिर मागे राहिले

आपल्याकडे शिक्षकाच्या शिक्षणाची एक उतरंड आहे आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी उतरंड म्हणून पाहतही नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट. माध्यमिक शाळेत बी.एड.; प्राथमिक शाळेत डी.एड.; आणि मूल तीन-चार वर्षांचे असले की शिकवणारीचे शिक्षण किती असावे याबद्दल कोणी फारसे विचारत नाही. मूल जितके लहान तितकी शिकवणारीची तयारी कमी, असा हा हिशेब. लहान मुलांना सांभाळायला माया पुरते, ती बाईमाणसाकडे उपजत असते, तेव्हा त्यात शिकण्यासारखे काय, ही त्यामागची समजूत. ही समजूत जुनी आणि नैसर्गिक आहे असे मानले जाते. माझे म्हणणे असे की ती तशी नाही. महाराष्ट्र-गुजरातच्या पट्ट्यात बालशिक्षण ज्यांनी उभे केले, त्यांनी मुलांच्या वर्गाबरोबरच शिक्षिकांच्या शिक्षणाचीही घडी बसवली होती. त्या घडीत वर्ग आणि प्रशिक्षण एकाच आवारात होते, एकमेकांवाचून चालत नव्हते. पुढे सरकारने बालवाडी उचलली, ती गावोगाव नेली आणि तिच्याशेजारचे अध्यापन मंदिर, म्हणजे शिक्षिका घडवण्याची जागा, मात्र जिथल्या तिथे राहू दिले. आज बालवाडीच्या बाईंचे जे हाल आहेत त्यांचे मूळ या निवडीत आहे.

पेशवाईअखेरच्या किंवा कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळातील पंतोजींच्या शाळेत सहा वर्षांखालच्या मुलाला जागाच नव्हती. धुळाक्षरे गिरवायला मूल बसायचे ते हात थोडा स्थिर झाल्यावर. तोवर ते घरातल्या आजीचे, आत्याचे, थोरल्या बहिणीचे. पंतोजी स्वतःही शिकवायला कुठे शिकलेले नसत. शिकवणे ही शिकून घ्यायची विद्या आहे हा विचार आपल्याकडे आला तो नॉर्मल स्कूलच्या, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेच्या, रूपाने, आणि स्त्रियांपर्यंत तो अगदी लवकर पोहोचला. सावित्रीबाई फुले अहमदनगरला मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या आणि मग वर्गावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण त्यांच्या धैर्याच्या संदर्भात सांगतो. ती प्रशिक्षणाच्या इतिहासातलीही पहिल्या पानावरची गोष्ट आहे. इंग्लंडच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये भारतात आल्या आणि मुलींच्या शाळांना शिकलेल्या शिक्षिका नसतील तर त्या शाळा टिकणार नाहीत, असे त्यांनी सरकारच्या गळी उतरवले. १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. तिथे येणार कोण हा प्रश्न होता. लग्न झालेल्या बाईला घर सोडवत नव्हते, कुमारिकेला बाहेर पाठवायला घरचे तयार नव्हते. उरल्या विधवा. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातून, रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनातून ज्या बायका शिक्षिका होऊन बाहेर पडल्या, त्यांच्यात विधवा मोठ्या संख्येने होत्या. या बायकांना शिक्षकी पेशाने पायावर उभे केले, हे या संस्थांचे फार मोठे काम. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट नकळत रुजली: लहान मुलांना शिकवणे म्हणजे निराधार बाईच्या उपजीविकेची सोय. ज्या कामाकडे सोय म्हणून पाहिले जाते, त्याचा पगार त्या कामाच्या मोलाने ठरत नाही. काम करणारीची गरज पाहून तो ठरतो. आजच्या मानधनाची पाळेमुळे मला तिथे दिसतात.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी विद्या असते, हे मराठी जगात पहिल्यांदा ज्यांनी गंभीरपणे घेतले त्यांत पंडिता रमाबाई आहेत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे राहून त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढताना हे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. पुढच्या वादळांत त्यांचे हे काम झाकले गेले. धर्मांतराच्या वादाने त्यांच्या शिक्षणविचाराला आपल्या चर्चेतून जवळजवळ बाहेर काढले, आणि त्यात मराठी बालशिक्षणाचे निदान एका पिढीचे नुकसान झाले असे मला वाटते.

खरी घडी बसली ती भावनगरला. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केले. गिजुभाई व्यवसायाने वकील. माँटेसरीबाईंची पुस्तके वाचून ते या कामाकडे वळले. बाईंच्या हाताखाली रोमला जाऊन शिकण्याची संधी गिजुभाईंना मिळाली नव्हती. जे वाचले ते मुलांसमोर करून पाहायचे, चुकले तर बदलायचे, दिसले ते लिहून ठेवायचे, या वाटेने ते गेले. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, मिशावाली आई, म्हणत. हे नाव कौतुकाचे आहे खरे, पण आपल्या प्रश्नाला ते एक उत्तरही देऊन जाते. लहान मुलांची समज उपजत असती आणि ती बाईच्याच ठायी असती, तर एका मिशावाल्या वकिलाला ती वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून मिळवता आली नसती. जे एका वकिलाला शिकून मिळते ते शिकवताही येते, आणि गिजुभाईंनी नेमके तेच केले. बालमंदिर सुरू झाल्यावर पाच वर्षांतच, १९२५ मध्ये, त्याच आवारात अध्यापन मंदिर उभे राहिले. तोवर तारा मोडक तिथे आल्या होत्या. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या. म्हणजे शिक्षिका घडवण्याचे काम करत असतानाच त्या बालशिक्षणाकडे वळल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली, आणि शिक्षिकेचे शिक्षण हा या चळवळीचा कणा झाला.

त्या अध्यापन मंदिरात शिकायचे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा वाद तिथे येऊन थांबतो. माँटेसरी पद्धतीतील साहित्य आज अनेक वर्गांत दिसते: दट्टे बसवायच्या पेट्या, गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरे. दट्ट्यांची पेटी घ्या. लाकडाच्या ठोकळ्यात दहा खोबणी, त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाची जाडी किंवा उंची वेगळी. मूल दट्टे काढते, मिसळते आणि परत बसवते. एक चुकला की शेवटी एक दट्टा आणि एक खोबण अशी उरतात की ती एकमेकांत बसतच नाहीत. चूक मुलाला ठोकळाच सांगतो. बाईंनी सांगायची गरज नसते, किंबहुना बाईंनी सांगितले तर सगळे फुकट जाते. म्हणून या शिक्षिकेचे सर्वांत अवघड शिक्षण हात आखडता घेण्याचे आहे. मूल अडले आहे की विचारात आहे, थकले आहे की रमले आहे, त्याच्या हातातली वस्तू त्याला सोपी पडते आहे की अवघड, हे बघून ओळखायचे आणि मगच काय करायचे ते ठरवायचे. पुस्तकातून हे येत नाही आणि मायेनेही येत नाही. माया तर उलट पटकन हात पुढे करायला लावते. हे येते ते दिवसेंदिवस मुलांच्या घोळक्यात कोपऱ्यात बसून, वहीत टिपून, आणि संध्याकाळी ती टिपणे जाणत्या माणसापुढे ठेवून. त्यासाठी मुले हवीत, ती रोज हवीत, आणि शिकवणाऱ्याने स्वतः त्या मुलांना ओळखायला हवे. अध्यापन मंदिर बालमंदिराच्या आवारात असण्याचे कारण हे होते. डी.एड.च्या परंपरेत पाठटाचण काढायचे, ठरलेल्या दिवशी शेजारच्या शाळेत सराव पाठ द्यायचा, निरीक्षकाचा शेरा घ्यायचा, अशी पद्धत आहे. मोठ्या मुलांसाठी तिचा उपयोग आहे. तीन वर्षांच्या मुलासमोर पाठटाचणाचे काहीच चालत नाही, कारण तिथे पाठ मूल ठरवते.

१९३९ मध्ये माँटेसरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या, आणि त्यांच्या अभ्यासक्रमांतून देशभरातले शेकडो शिक्षक तयार झाले. त्यांची पदविका मोलाची होती, पण ती कोणी द्यायची आणि कोणी नाही याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. साहित्यही ठरल्या मापाचे, महागडे. पद्धतीची शुद्धता राखायची म्हणून ती मूठभरांपुरती राहणार, हा धोका तिथे होता. ताराबाईंनी तो ओळखला. १९३० च्या दशकात दादरला शिशुविहार आणि त्याला जोडून शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले होते, पण शहरातल्या शिकलेल्या घरांतल्या मुलांपुरते हे काम राहू नये ही त्यांची तळमळ होती. १९४५ च्या अखेरीस त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या: बालविधवा, ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका झालेल्या, आधी नाशिक जिल्ह्यात चांदोरीला आणि मग पुण्यात हुजूरपागेत अनेक वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या. ज्यांनी खेड्यातली बालवाडी उभी केली त्या दोघीही प्रशिक्षण महाविद्यालयाच्या परंपरेतून आल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. साध्याभोळ्या सेवाभावाच्या कथेत ही गोष्ट गळून पडते.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे बदलले आणि जे बदलले नाही, त्याकडे नीट पाहावे. दट्ट्यांच्या पेट्यांऐवजी शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती आली. बालवाडीत मुले येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जायचे, असे ठरले, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना जन्माला आली. वारली आदिवासींची मोठी मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शिक्षिका कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. घर, भाषा, वेळ, साहित्य सगळे मुलाच्या बाजूने वळवले. शिक्षिकेने मुलाकडे बघायला शिकले पाहिजे ही अट मात्र तशीच राहिली, आणि शिकवण्याची जागा बालवाडीच राहिली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. बोर्डी-कोसबाडच्या कामात कमी शिकलेल्या स्थानिक स्त्रियाही तयार झाल्या. मग मोठे शिक्षण लागत नाही हेच त्यातून सिद्ध होत नाही का? मला वाटते, यात दोन गोष्टींची गल्लत होते. शाळेत किती इयत्ता झाल्या हे एक, आणि या कामाचे शिक्षण किती झाले हे दुसरे. ताराबाई-अनुताईंनी पहिल्या गोष्टीत सवलत दिली, दुसरीत दिली नाही. चौथी शिकलेल्या बाईला रोज ताराबाईंच्या नजरेखाली काम करायला मिळाले, तर ती शिकत होती. कागदावर नव्हते इतकेच. पुढे योजना आखणाऱ्यांनी कमी शालेय शिक्षणाची सवलत तेवढी उचलली आणि ती नजर मात्र सोडून दिली. स्वतः अनुताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये, बी.ए.ची पदवी घेतली. सोळा वर्षे बालवाडीत घालवलेल्या बाईला शिक्षण अनावश्यक वाटले असते तर त्या वयात त्या परीक्षेला बसल्या नसत्या.

सरकारी कागदपत्रांत हे सगळे ठाऊक होते. १९४४ च्या सार्जंट अहवालात बालशाळांवर खास प्रशिक्षित शिक्षिका नेमाव्यात असे स्पष्ट म्हटले होते. १९६० च्या दशकात बालसेविकांचे प्रशिक्षणही सुरू झाले आणि ते आठवड्यांत उरकण्याजोगे नव्हते. सर्वांत बोलका आहे तो कोठारी आयोग. १९६६ च्या अहवालात त्याने कामाची वाटणी अशी सुचवली की बालवाड्या चालवण्याचे काम मुख्यतः खाजगी संस्थांनी करावे आणि शासनाने शिक्षिकांचे प्रशिक्षण, संशोधन, साहित्यनिर्मिती, मार्गदर्शन आणि काही नमुन्याच्या बालवाड्या यांची जबाबदारी घ्यावी. ही वाटणी सगळी पटो वा न पटो. गरिबाच्या मुलाला खाजगी संस्थेवर सोडणे मला स्वतःला पटत नाही. पण शासनाने शिक्षिका घडवावी हा त्यातला गाभा अचूक होता. घडले ते नेमके उलटे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि शासनाने लाखो अंगणवाड्या स्वतः चालवायला घेतल्या. कोसबाडचा शब्द देशभर गेला. पूर्वप्राथमिक शिक्षिकेचे खरेखुरे, दीर्घ प्रशिक्षण मात्र खाजगी वर्गांच्या हाती राहिले. अंगणवाडी सेविकेच्या कामाचे प्रशिक्षण सुरुवातीला काही महिन्यांचे होते, ते पुढे २६ दिवसांवर आले. त्या २६ दिवसांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा शिकायच्या. मुलाला बघायला शिकण्यासाठी त्यातले किती दिवस उरतात, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

याला उत्तर म्हणून संख्येकडे बोट दाखवले जाते. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या; इतक्या बायकांना वर्ष-दोन वर्षे शिकवायचे कोणी, आणि खर्च कोणी करायचा? अंगणवाडीने कुपोषणाशी जी झुंज दिली, गरोदर बायकांपर्यंत आणि तान्ह्या बाळांपर्यंत ती जशी पोहोचली, ते प्रशिक्षणाची वाट पाहत बसलो असतो तर झाले नसते, हे मी मान्य करतो. आधी पोटात अन्न, मग बाकीचे. पण संख्येचा मुद्दा पहिलीच्या शिक्षकाच्या बाबतीत कोणी काढत नाही. प्राथमिक शिक्षकही देशात लाखांनी लागतात, तरी त्यांच्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम उभा राहिला, कारण तो आवश्यक आहे असे ठरले होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. शिक्षकाच्या किमान पात्रतेची सक्ती त्यामुळे पहिलीपासून सुरू होते. तीन ते सहा वयासाठी शासनाने सोय करावी एवढी अपेक्षा त्याच्या अकराव्या कलमात आहे. म्हणजे साडेपाच वर्षांच्या मुलासमोर कोणी उभे राहावे याबद्दल कायदा गप्प आणि साडेसहा वर्षांच्या मुलासमोर कोण उभे राहील याबद्दल काटेकोर. या फरकामागे मुलाच्या गरजेचा विचार कुठेच नाही. आहे तो पगाराचा. पात्रता ठरवली की वेतनश्रेणी द्यावी लागते. पात्रता ठरवली नाही की ‘मानधन’ देऊन भागते. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायलासुद्धा २०२२ उजाडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

आणखी एक आक्षेप उरतो आणि मला तो सर्वांत जड वाटतो. कॉलेज काढले की सगळे सुधारते असे नाही. महाराष्ट्राने डी.एड. विद्यालयांचे पेव फुटलेले पाहिले आहे. नोकरभरती थांबली तशी ती ओस पडून बंद होतानाही पाहिली आहेत. पदविकेमागे धावणारी मुलगी वस्तीवरच्या बालवाडीत राहत नाही, शहरातल्या इंग्रजी नर्सरीत जाते. आणि तिथेही तिच्या शिक्षणाचा उपयोग तीन वर्षांच्या मुलाकडून ओळी गिरवून घेण्यात होतो. हे खरे आहे. पण हा आक्षेप कोणत्या कॉलेजला लागू पडतो ते पाहा. ज्याच्या आवारात मूल नाही, जिथे छात्राध्यापिका वर्षातले थोडे दिवस पाहुणीसारखी कुठल्यातरी बालवाडीत जाते आणि परत येऊन फाइल रंगवते, त्या कॉलेजला. भावनगरचे अध्यापन मंदिर या आक्षेपात बसत नाही. कोसबाडही बसत नाही. दोष प्रशिक्षणात नव्हता. मुलांपासून तोडलेल्या प्रशिक्षणात होता. आणि २६ दिवसांच्या शिबिरातही तोच दोष आहे, फक्त स्वस्तात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडी शाळेच्या रचनेत आली. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, बोर्डीचे म्हणणे देशाच्या धोरणात उतरले, याचा आनंद आहे. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, असे त्यात ठरले आहे. २६ दिवसांपेक्षा हे कितीतरी पुढचे आहे. पण हे शिक्षण कसे द्यायचे, तर दूरशिक्षणाने, डीटीएच वाहिन्यांवरून आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घेऊन. सेविकेला आपले काम न सोडता शिकता यावे हा हेतू चांगला आहे, आणि ती रोज मुलांतच असते ही तर तिची फार मोठी जमेची बाजू. उणीव आहे ती तिच्या शेजारी बसून मुलाकडे बघणाऱ्या जाणत्या माणसाची. मूल दट्टा चुकीच्या खोबणीत घालते आहे आणि बाईंचा हात पुढे होतो आहे, हे फोनला दिसत नाही.

तेव्हा धोरण राबवणाऱ्यांकडे मागणे एकच आहे आणि ते खर्चाच्या मानाने फार मोठे नाही. प्रत्येक तालुक्यात एक तरी अंगणवाडी अशी असू द्या, जी बालवाडीही आहे आणि अध्यापन मंदिरही. जिथे तालुक्यातल्या सेविका पाळीपाळीने काही आठवडे राहतील, कोपऱ्यात बसतील, टिपतील आणि संध्याकाळी बोलतील. तिथली मुख्य शिक्षिका पूर्ण पगारावर असू द्या, आणि तिच्या हुद्द्याच्या नावात सेविका हा शब्द नसू द्या. ज्या खाजगी किंवा सरकारी विद्यालयाच्या आवारात रोज भरणारी बालवाडी नाही, त्याला पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पदविकेची मान्यता देऊ नका.